वरून वाढलेलं पाणी

आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत अण्णांचा दवाखाना होता आणि मागच्या तीन खोल्यांत आम्ही राहत होतो. मधल्या दाराला निळा पडदा होता. त्याच्या अलीकडे स्पिरिटचा आणि उकळत्या सिरिंजांचा वास, पलीकडे येसराच्या आमटीचा आणि तव्यावर करपलेल्या बाजरीच्या पापुद्र्याचा. मी बहुतेक वेळ त्या पडद्यातच असायचो, पुस्तक हातात घेऊन, एक कान दवाखान्यात आणि एक स्वयंपाकघरात. सकाळी पहिली एसटी तिसगावकडे गेली की बायका लेकरं काखेला मारून यायला लागत. रडणं, खोकणं, आयांचं दटावणं, स्टोव्हवरच्या पातेल्याचं थडथडणारं झाकण आणि आतून आईचं भाकऱ्या थापटणं, हे सगळं मिळून माझ्या लहानपणाचा एकच आवाज झालेला आहे. अजूनही कुठे स्टोव्ह पेटलेला ऐकला की मला कुणाचं तरी लेकरू उगाच रडतंय असं वाटतं.

अण्णा मुलांचे डॉक्टर म्हणून शिकलेले नव्हते, पण आसपासच्या गावांत त्यांची ख्याती मुलांचे डॉक्टर अशीच होती. ते प्रत्येक पोराच्या पोटावर हात ठेवत. ते कुणाचं आहे हे बघत नसत. वस्तीवरच्या, म्हणजे गावाबाहेरच्या बौद्ध घरांतल्या बायका लेकरं घेऊन आल्या की अण्णा त्यांनाही तसंच तपासत, आणि आमच्या घरात या गोष्टीचा अभिमान होता. “आमच्याकडे तसलं काही नाही,” असं आई पाहुण्यांना सांगायची. त्या बायका मात्र बाक रिकामा असला तरी उंबऱ्याजवळ खालीच बसत. त्यांना कुणी खाली बसा म्हणालेलं मी ऐकलं नाही. वर बसा म्हणालेलंही ऐकलं नाही. आमची जात कोणती हे मी लपवतो आहे असं वाचणाऱ्याला वाटू नये म्हणून एवढंच सांगतो, की गावात ज्यांच्या हातचं पाणी सगळ्यांना चालायचं त्यांच्यातले आम्ही होतो.

शाळा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होती, जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंत. व्हरांड्याच्या टोकाला एक मोठा रांजण होता आणि त्यावर झाकणाला अडकवलेलं ओगराळं, तळाशी वाटी आणि वर हातभर उभा दांडा असलेलं. बाकीची मुलं ओगराळं स्वतः बुडवून पेल्यात पाणी घेत. वस्तीवरच्या मुलांनी ओगराळ्याला हात लावायचा नसे. ती पायरीच्या खाली उभी राहत, ओंजळ धरत, आणि वरून कुणीतरी त्यांच्या ओंजळीत पाणी सोडी. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. आमच्या आधीच्या मुलांनी तसंच केलं होतं, त्यांच्या बापांनीही. सातवीत गेल्यावर पाणी वाढायचं काम गुरुजींनी मला दिलं. “डॉक्टरांचा मुलगा आहे. नखं स्वच्छ, हात स्वच्छ. रोगराई नको,” असं ते सगळ्या वर्गासमोर म्हणाले आणि मी छाती काढून उभा राहिलो. त्याच वर्षी इतिहासाच्या तासाला चवदार तळ्याचा धडा होता. तो मला तोंडपाठ होता, आणि परीक्षेत त्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी गुण मिळाले. तो तास संपला की मधली सुट्टी व्हायची आणि मी रांजणाकडे जायचो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही. खरं सांगायचं तर कुणाच्याच आलं नाही, निदान पायरीच्या वर उभ्या असलेल्यांपैकी.

सुजाता माझ्याच वर्गात होती. वस्तीवरच्या कौसाबाईची थोरली मुलगी, उंच, हाडकुळी, गणितात माझ्या पुढे. हे शेवटचं मला लागायचं. ती पाणी प्यायला येई तेव्हा इतर मुलांसारखी खाली बघत नसे, सरळ ओगराळ्याकडे बघे. एकदा मागून पोरं ओरडली, “ए डॉक्टर, जरा वरून सोड की! धबधबा होऊ दे!” मी हात वर केला. पाणी तिच्या ओंजळीवर आपटून तोंडावर, गळ्यावर, बाह्यांत गेलं. पोरं हसली. ती म्हणाली, “खाली धर की रं. समदं भिजतंय.” मी म्हणालो, “ओंजळ नीट धर मग.” पोरं आणखी हसली, आणि त्या हसण्याची मला चटक लागली. मग ते रोजचंच झालं. ती आली की पोरं गोळा व्हायची. भिजलेला गणवेश घेऊन ती पुढचा तासभर शेवटच्या बाकावर दोन्ही हात छातीशी घेऊन बसायची. गुरुजींनी एकदा विचारलं, “काय गं, पावसात गेली होतीस का?” त्यावरही वर्ग हसला.

नंतर ती पाणी प्यायला यायची बंद झाली. मला वाटलं, बरं झालं, एक ओंजळ कमी.

आमच्याकडचा भाग कोरडा. पाऊस गेला की ऊन चैत्रासारखं तापतं. सकाळी घरून निघालेली मुलगी संध्याकाळी घरी जाईपर्यंत घोटभर पाणी पीत नव्हती. मुलींना शाळेत लघवीची सोय नव्हतीच, त्यामुळे लघवीही दाबून धरायची. आज मी मुलांचा डॉक्टर आहे, नगरला माझा दवाखाना आहे, आणि अशा मुलीच्या शरीरात महिन्यामागून महिने काय होतं हे मला शिकवलं गेलेलं आहे. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की कौसाबाई तिला सारखी आमच्याकडे आणते आहे. लघवीला जळजळ, ताप, अण्णांच्या गोळ्या, चार दिवस बरं, की पुन्हा जळजळ.

दिवाळीच्या आधी एका दुपारी त्या दोघी आल्या. सुजाताचे डोळे लाल झाले होते आणि ती एका कुशीवर हात दाबून वाकून चालत होती. मी पडद्यात उभा होतो.

“डॉक्टरसाहेब, निसती भट्टी झालीय अंगाची,” कौसाबाई उंबऱ्याशी बसत म्हणाली. “रातभर कन्हती हाय. हितं कुशीत लई दुखतंय म्हन्ती.”

अण्णांनी पोटावर, कुशीवर हात ठेवला. ती कळवळली. “कौसा, परत तेच? हिला पाणी पाज म्हणून किती वेळा सांगितलं तुला? तुम्ही लोक सांगितलेलं ऐकतच नाही.”

“पाजिते की. घरी आली की तांबेच्या तांबे पिती. खालीसुदिक ठिवीत न्हाई.”

“मग शाळेत?” अण्णांनी सुजाताला विचारलं. “काय गं, शाळेत पितेस का नाही पाणी?”

 सुजातानं मान वळवली आणि पडद्याकडे, माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर मला आज ते इतकं आठवलं नसतं. ती वाट बघत होती. मी बोलतो का, याची.

अण्णाही माझ्याकडे वळले. “शाळेत पाणी असतं ना रे?”

“असतं की अण्णा,” मी म्हणालो. “रांजण भरलेला असतो. मीच तर वाढतो. हीच येत नाही प्यायला.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी पुढे आयुष्यात बरंच खोटं बोललो असेन, पण त्या दुपारी जे खरं बोललो त्याइतकी लाज मला कशाचीच वाटत नाही.

“बघ,” अण्णा म्हणाले. “आळस! खेळाच्या नादात प्यायचं नाही आणि मग आईनं इथे आणायचं.” कौसाबाईनं लेकीच्या पाठीत एक हलकासा धपाटा घातला, आमच्या समाधानासाठी घालावा तसा. सुजाता रडली नाही. तिनं इंजेक्शन घेतलं आणि वाकून चालत गेली.

दुसऱ्या दिवशी तिला थंडी भरली. दात वाजत होते, पाणीही पोटात ठरेना. अण्णांनी तिला बघितलं आणि लगेच जीप बोलावली. ते स्वतः तिच्याबरोबर नगरला गेले, दवाखाना बंद ठेवून. हे मी अण्णांच्या बाजूनं मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढचंही लिहायचं आहे. जीप निघाली तेव्हा कौसाबाईनं सुजाताचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि पदरानं वारा घालत होती. आई दारातून म्हणाली, “काळजी करू नको कौसा.” मी तिथेच उभा होतो. ती मरेल का, हे कुणाला विचारावं ते मला कळत नव्हतं, आणि विचारलं तर तू का विचारतोस असं कुणी म्हणेल याची भीती वाटत होती. त्या दिवशी आईनं हुलग्याचे शेंगोळे केले होते, माझ्या आवडीचे. मी दोनदा मागून घेऊन खाल्ले. भीतीनं भूक मरते असं म्हणतात. माझी मेली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा परत आले. आंघोळ करून पाटावर बसले, पण भाकरीचा तुकडा मोडून नुसता धरून राहिले. मग आईला सांगायला लागले. मुलगी वाचेल. जंतू मूत्रपिंडापर्यंत गेले आहेत, सोनोग्राफीत एका बाजूला सूज आहे, व्रण राहील. नगरला ज्या मुलांच्या डॉक्टर बाई होत्या त्यांनी कौसाबाईला औषधं आणायला खाली पाठवलं, आणि सुजाताजवळ खुर्ची ओढून बसल्या. पाणी किती पितेस हे त्यांनी विचारलंच नाही. “शाळेत तहान लागली की काय करतेस? मला करून दाखव,” असं म्हणाल्या. सुजातानं सलाइन लावलेला हात तसाच उचलला आणि दोन्ही हातांची ओंजळ केली. मान खाली घातली आणि डोळे मिटून घेतले, तोंडावर पाणी येणार असल्यासारखे.

“बाईंनी विचारलं, कोण वाढतं,” अण्णा म्हणाले. “तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं.”

आई म्हणाली, “अहो, पण त्यांना वरूनच वाढतात की सगळीकडे. त्यात काय?”

 अण्णा म्हणाले, “त्या बाई मला म्हणाल्या, डॉक्टर, तुम्ही गावातच असता. तुम्हाला कसं कळलं नाही? गुरुजींशी बोला म्हणाल्या. मी हो म्हणालो. पोरगी हात जोडून म्हणत होती, आईला सांगू नका, ती शाळेत जाऊन भांडेल, मग बापाचं मळ्यातलं काम जाईल.” मग त्यांनी मला हाक मारली. “तू वाढतोस?”

“गुरुजींनी सांगितलंय.”

“तिच्या अंगावर सांडतोस?”

 मला वाटलं, आता मारतील. त्यांनी मला कधी मारलं नव्हतं, पण त्या दिवशी मारतील असं वाटलं आणि मनातून मला ते हवं होतं. अण्णांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. “उद्यापासून तू रांजणाकडे जायचं नाही. स्कॉलरशिपचा अभ्यास आहे म्हणून गुरुजींना मी सांगतो.” आणि जरा थांबून, “आणि हे बाहेर कुठे बोलायचं नाही. मला या गावात दवाखाना चालवायचा आहे.”

अण्णा गुरुजींशी बोलले, पण फक्त स्कॉलरशिपबद्दल. ओगराळं दुसऱ्या एका मुलाच्या हातात गेलं. मला इतकं हलकं वाटलं की विचारू नका. मी आता काही करत नव्हतो, आणि काही न करणं म्हणजे चांगलं वागणं, असा माझा समज झाला. रांजण तिथेच होता, पायरी तिथेच होती. आता मी लांबून बघणाऱ्यांत होतो, एवढाच फरक.

दिवाळीनंतर सुजाता शाळेत परत आली. तिसगावच्या बाजारातून कौसाबाईनं तिला पिवळी प्लॅस्टिकची बाटली आणून दिली होती. मधल्या सुट्टीपर्यंत ती संपायची. भरून घ्यायची तर पायरीखाली उभं राहून बाटलीचं अरुंद तोंड धरायचं, आणि निम्मं पाणी हातावर. “आल्या बाटलीवाल्या मॅडम,” पोरं म्हणायची. मी म्हणत नव्हतो. मी पुस्तकात डोकं घालून बसायचो. ती पुन्हा दुपारनंतर कोरडीच राहायला लागली.

त्या दिवसांत कौसाबाई नगरचे कागद दाखवायला आमच्याकडे आली. अण्णा आत हात धूत होते. मी बाकावर बसलो होतो. ती उंबऱ्याशी बसली आणि हळूच म्हणाली, “दादा, तू तिच्याच वर्गात हायस न्हवं? मोठ्या डाक्टरीन बाई म्हनल्या, पान्याची हयगय नको. एक किडनी नाजूक झालीय. तू जरा ध्यान ठिव. ती पिती का न्हाई, एवढंच बघत जा.”

आमच्या घरात तिला सगळे कौसाच म्हणायचे, मीही. ती आईपेक्षा वयानं मोठी होती. त्या दिवशी माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं, “हो मावशी.”

त्यानंतर ती रस्त्यात कुठेही भेटली की विचारायची, “पिती का रं पानी?” आणि मी म्हणायचो, “पिते की मावशी.” आता हे शुद्ध खोटं होतं. फार वर्षं मी असं समजत होतो की तिला बिचारीला काही माहीत नव्हतं. तीही त्याच शाळेत चार यत्ता शिकलेली होती, त्याच व्हरांड्याच्या पायरीखाली ओंजळ धरून उभी राहिलेली होती, हे माझ्या लक्षात यायला मला स्वतःला लेकरं व्हावी लागली. तिला सगळं माहीत होतं. लेकीनं लपवलेलंही माहीत असणार. नवऱ्याचं काम न घालवता, भांडण न करता, डॉक्टरच्या पोराला जेवढं म्हणता येईल तेवढं ती म्हणत होती. पुन्हा पुन्हा म्हणत होती.

माझ्या दवाखान्यात आज शाळेत जाणारं कुठलंही मूल आलं की मी विचारतो, शाळेत तहान लागली तर काय करतोस, कुठे जातोस, कोण देतं, संडासला कुणाच्या परवानगीनं जातोस, डबा कुणाजवळ बसून खातोस. आईबापांना बाहेर बसवून विचारतो. काही आईबाप वैतागतात, ताप आलाय आणि हे काय विचारतात डॉक्टर. बरीच मुलं भडाभडा सांगतात. काही गप्प बसतात. जी गप्प बसतात त्यांच्या शाळेत मी फोन करतो, फोनवर ऐकलं नाही तर स्वतः जातो. याचं कुणी कौतुक केलं की मी विषय बदलतो. हा प्रश्न मला त्या नगरच्या बाईंकडून मिळाला, तोही सुजाताच्या मूत्रपिंडाच्या मोलानं. सुजाताला भेटायला मी कधी गेलो नाही. ती कुठे असते हे मला माहीत आहे. व्रण राहिलेल्या मूत्रपिंडामुळे तिशी-चाळिशीत ब्लडप्रेशर डोकं वर काढतं हेही माहीत आहे. माफी मागितली तर ती द्यायचं ओझंही तिच्यावरच पडेल, असं मी स्वतःला सांगतो. कदाचित तेही खरंच असेल, त्या दुपारच्या माझ्या उत्तरासारखं.

त्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला सुजाताला पुन्हा ताप आला. कौसाबाई तिला आमच्याकडे न आणता परस्पर नगरला घेऊन गेली. दवाखान्यासमोरून एसटीकडे जाताना मी दोघींना बघितलं. अण्णांनीही बघितलं आणि ते आतल्या खोलीत गेले. नगरहून आल्यावर कौसाबाईनं लेकीचा शाळेतून दाखला काढला आणि तिला श्रीरामपूरला आपल्या भावाकडे ठेवलं. भाऊ तिकडे साखर कारखान्यात होता. गुरुजी म्हणाले, “हुशार होती, पण या लोकांचं असंच. मध्येच शाळा सोडतात.” वर्गात गणितात माझा पहिला नंबर आला.

मे महिन्यात कौसाबाई आमच्याकडे आली, तिच्या हाताला काटा रुतून पिकला होता म्हणून. अण्णांनी जखम धुऊन पट्टी बांधली.  अण्णा आत गेल्यावर मी विचारलं, सहज विचारल्यासारखं, “मावशी, सुजाता कशी आहे?”

“झ्याक हाय,” ती म्हणाली. “गालावर मांस चढलंय. तिकडं गेल्यापासून एकदासुदिक ताप न्हाई का जळजळ न्हाई. शाळंत नळ हाय म्हन्ती, तोटी फिरवायची आन् प्यायचं.”

नळाचं ऐकून मी खाली बघितलं. मला काहीतरी बोलायला हवं होतं. अजूनही वेळ होती. दवाखान्यात आम्ही दोघंच होतो.

“तिकडची हवा चांगली आहे, मावशी,” मी म्हणालो. “मानवली असेल.”

ती उठली. पट्टी बांधलेला हात दुसऱ्या हातात धरून तिनं माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“व्हय,” ती म्हणाली. “हवाच आसंल.”